साओ पावलोच्या जपानी वस्तीत

मैत्रिणींनो, आज तुम्हाला फार लांबच्या गावी न्यायचं आहे. दक्षिण अमेरिका खंड, त्यातला ब्राझील देश आणि त्या देशातलं सर्वांत मोठं शहर, साओ पावलो. एवढं लांब म्हटल्यावर छातीत धस्स होईल. पण घाबरू नका. तिथली भाषा पोर्तुगीज आहे, आणि ती थोडीशी तुम्हाला येतेच! विश्वास बसत नाही? जरा घरात नजर फिरवा. बटाटा, कोबी, पाव, काजू, मोरीतली बादली, बादलीशेजारचा साबण, कमरेला खोचलेली चावी आणि एक तारखेची वाट पाहायला लावणारा पगार. हे सगळे शब्द पोर्तुगीजांबरोबर गोव्या-वसईच्या वाटेनं आपल्याकडे आले आणि आपलेच होऊन बसले. काजूचं झाड तर मूळचं ब्राझीलचंच.

तर अशा या पोर्तुगीज बोलणाऱ्या शहराच्या मधोमध एक जपानी वस्ती आहे. तिचं नाव लिबेर्दाजी, म्हणजे स्वातंत्र्य. जपानबाहेर जपानी वंशाची सर्वांत जास्त माणसं कुठल्या देशात असतील, तर ती ब्राझीलमध्ये, सुमारे 20 लाख. आणि त्यांच्या शहरी जीवनाचं माहेर म्हणजे ही लिबेर्दाजी.

लाल खांब, पांढरे कंदील आणि छान छान दुकानं पाहून परत यायचं असेल, तर एक तास पुरे. पण आपण दोन प्रश्न मनात धरून फिरू या. इथं आलेल्या बायकांनी परक्या मातीत संसार कसा मांडला? आणि त्या येण्याआधी इथं कोण होतं? हे दोन प्रश्न बरोबर असले की प्रत्येक कोपरा बोलू लागतो.

साओ पावलोची भुयारी रेल्वे सोयीची आहे. शहराच्या मध्यवर्ती 'से' स्थानकापासून निळ्या मार्गानं एकच थांबा. जिना चढून वर आलात की थेट चौकात उभ्या राहाल. रविवार असेल तर पाय ठेवायला जागा नसते. 1975 पासून इथं शनिवार-रविवारी बाजार भरतो. तव्यावर परतलेल्या शेवयांच्या ढिगातून वाफ निघत असते, सोया सॉसचा खमंग वास नाकात शिरतो आणि चारी बाजूंनी पोर्तुगीज कानांवर पडत असतं. विक्रेतीचा चेहरा जपानी, बोलणं मात्र अस्सल ब्राझिलियन, तेही हातवारे करून! पहिल्यांदा गंमत वाटते, मग सवय होते.

पण बाजारात शिरण्याआधी चौकाच्या कडेचं चर्च पाहून घ्या. त्याच्या नावाचा अर्थ आहे 'फाशी गेलेल्यांच्या आत्म्यांचा पवित्र क्रूस'. अंगावर काटा येतो ना? या चौकाचं जुनं नावच फाशीचा चौक. त्या काळी शहर इथं संपायचं, आणि शहराच्या वेशीबाहेर गुन्हेगारांना आणि पळून गेलेल्या गुलामांना फासावर चढवीत. 1821 मध्ये शागीन्यास नावाच्या एका शिपायाला इथं आणलं. सैनिकांचा पगार थकला होता, म्हणून त्यांनी बंड केलं, त्या बंडात हा होता. लोक सांगतात, फासाचा दोर तुटला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा तुटला. जमलेली माणसं 'लिबेर्दाजी! लिबेर्दाजी!' म्हणून ओरडू लागली. तरी त्याला मारलंच. वस्तीचं नाव त्या आरोळीवरून पडलं, अशी लोकांची श्रद्धा आहे.

इथून दोन पावलांवर एक अरुंद बोळ आहे. बोळाच्या टोकाशी दुःखितांच्या मातेचं छोटं देऊळवजा चर्च, 1779 मधलं. त्याच्या भोवती शहरातली पहिली सार्वजनिक दफनभूमी होती, 1775 पासून 1858 पर्यंत. गुलाम, गरीब आणि फाशी गेलेले, ज्यांना दुसरीकडे जागा नव्हती, ते सगळे इथं. पुढे जमिनीचे तुकडे पडले, इमारती उठल्या, वर कंदील लागले आणि खाली कोण झोपलं आहे, हे बहुतेक सगळे विसरले. 2018 मध्ये शेजारच्या जागेत बांधकामासाठी खणताना नऊ माणसांचे सांगाडे निघाले, तेव्हा शहराला आठवण झाली.

भाविक मात्र कधीच विसरले नव्हते. शागीन्यासनं शेवटची रात्र या चर्चमध्ये काढली, असं मानतात. बायका येतात, जुन्या लाकडी दारावर तीनदा टकटक करतात, मनातलं मागणं चिठ्ठीवर लिहून ठेवतात. आपल्याकडे देवळाच्या कठड्याला नवसाचा धागा बांधतात ना, तसंच. तुम्हीही क्षणभर थांबा. काही मागायचं नसलं तरी चालेल.

आता जपानी मंडळी इथं कशी आली, ते ऐका. 13 मे 1888 रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. कॉफीच्या मळ्यांना हात हवे होते. आधी इटलीहून माणसं आली, मग जपानशी करार झाला. 28 एप्रिल 1908 रोजी कोबे बंदरातून 'कासातो मारू' नावाची बोट निघाली आणि 18 जूनला सांतोस बंदराला लागली. तिच्यावर कराराचे 781 प्रवासी होते.

या करारातली एक अट आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. एकट्या माणसाला प्रवेश नव्हता. कुटुंबच हवं, आणि कुटुंबात 12 ते 45 वयाची कामाला चालतील अशी किमान तीन माणसं हवीत. मळेवाल्यांना वाटे, बायकामुलं बरोबर असली की माणूस पळून जात नाही. मग काय झालं असेल? कागदावर कुटुंबं तयार झाली. कुणी भाचा मुलगा झाला, कुणी शेजारी दीर झाला, आणि कितीतरी मुलींची बोटीसाठी लग्नं लागली. ज्याला धड ओळखत नाही त्याच्या नावानं कुंकू लावावं तसं, आणि पुढे 52 दिवसांचा समुद्र. विचार करून पाहा.

मळ्यावर पोचल्यावर स्वप्नं विरली. पीक कमी, मजुरी कमी, आणि सामान घ्यायचं ते मळ्याच्याच दुकानातून, उधारीवर. कर्ज फिटेना. अनेक कुटुंबं रातोरात निघून गेली. त्यातली काही साओ पावलोला आली आणि 1912 च्या सुमारास कोंदे दे सार्झेदास नावाच्या उताराच्या रस्त्यावर राहू लागली. तो रस्ता आजही आहे, चौकापासून पायी जाता येतं. उतारामुळे तिथल्या घरांना तळघरं होती. तळघराचं भाडं अगदी स्वस्त, एका खोलीत तीन-तीन बिऱ्हाडं, आणि शहर जवळ असल्यानं कामाला चालत जाता येई. पुरुष सुतारकाम, हमाली करीत. बायका घरकामाला जात, शिवण शिवत, टोफू आणि गोड पदार्थ करून विकत. 1915 मध्ये त्याच रस्त्यावर मुलांसाठी शाळाही निघाली. पोटाला अर्धं आणि पाटीला अर्धं, हा हिशेब आपल्या चाळींतल्या आयांना काही नवा नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. ब्राझीलमध्ये भात करतात तो तेलात लसूण-कांदा परतून, मोकळा. त्याच्याबरोबर घेवड्याच्या दाण्यांची खारी, घट्ट उसळ. जपानी माणसाला भात हवा पांढरा आणि चिकट. आणि कडधान्य? ते त्यांच्याकडे बरंचसं गोडात! लाल अझुकीचे दाणे शिजवायचे, साखर घालून आटवायचे, घोटायचे. अहो, हे तर आपलं पुरणच! लिबेर्दाजीतल्या मिठाईच्या दुकानात मोची घेतलीत, तर बाहेर चिकट तांदळाची मऊ पारी आणि आत हे गोड सारण. मोदकाची लांबची मावसबहीण म्हणायला हरकत नाही. वेलदोड्याचा वास मात्र शोधू नका, तो सापडणार नाही.

सगळ्यांत नवल वाटावं असा प्रकार पुढे आहे. जपानी जेवणात भाताबरोबर उमेबोशी लागते. जर्दाळूच्या जातीचं एक आंबट फळ मिठात मुरवून वाळवायचं. आपल्याकडे लोणच्याची फोड नसेल तर पान उघडं वाटतं, तसं त्यांचं उमेबोशीवाचून. पण ब्राझीलच्या मळ्यांवर ते फळ कुठलं मिळायला? बायकांनी आसपास धुंडाळलं आणि त्यांना लाल अंबाडी सापडली. तिची आंबट लाल बोंडं मिठात घालून त्यांनी तशीच चव साधली. तिला नाव दिलं 'हानाउमे', म्हणजे फुलाची उमे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या बायकांना अंबाडीचं महत्त्व सांगायला नकोच. मला विचाराल, तर या वस्तीचा खरा इतिहास त्या बोंडांच्या बरणीत आहे. जे हवं ते मिळालं नाही, तेव्हा जे मिळालं त्यातून घरची चव उभी केली.

पुढे हीच माणसं शहराभोवती भाजीपाला पिकवू लागली. आज साओ पावलोच्या बाजारात फुजी सफरचंद आणि काकी नावाचं टोमॅटोसारखं नारिंगी गोड फळ ढिगानं दिसतं, त्यामागे जपानी शेतकऱ्यांचे हात आहेत. रस्त्यावरच्या बाजारात मिळणारं पास्तेलही त्यांनीच लोकप्रिय केलं. पातळ पारीची, फुगवून तळलेली भलीमोठी चौकोनी करंजी समजा. आत चीज, खिमा किंवा पामच्या झाडाचा कोवळा गाभा. आणि त्याच्याबरोबर काय पितात, सांगा पाहू? उसाचा रस! चरकातून ताजा काढलेला, बर्फ घातलेला. क्षणभर आपण आपल्याच एखाद्या रसवंतीत बसलो आहोत असं वाटतं.

गोड झालं, आता कडू. 1942 च्या जानेवारीत ब्राझीलनं जपानशी संबंध तोडले. जपानी शाळा आधीच, 1938 मध्ये, बंद झाल्या होत्या, वृत्तपत्रंही बंद पडली होती. आता रस्त्यात, दुकानात, ट्राममध्ये जपानी बोलणं हा गुन्हा ठरला. कोंदे दे सार्झेदास रस्त्यावरच्या लोकांना घरं सोडायला लावली. जुलै 1943 मध्ये सांतोसच्या किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना 24 तासांत निघा म्हणून सांगितलं. चूल तशीच, कोंबड्या तशाच, पोराबाळांना घेऊन आगगाडीत.

जिला पोर्तुगीज येत नाही अशा आजीचं काय झालं असेल? रस्त्यात नातवाला 'हळू चाल' म्हणायचं तरी कुठल्या भाषेत? तोंड मिटून फिरायचं. घरची भाषा फक्त दार लावून, खालच्या आवाजात.

वृत्तपत्रं नाहीत, रेडिओ जप्त. त्यामुळे 1945 मध्ये युद्ध संपलं तेव्हा पुष्कळांना जपान जिंकला असंच वाटत राहिलं. हरलो म्हणणारे आणि जिंकलो म्हणणारे असे दोन तट पडले. त्या वैरात, मुख्यतः 1946 मध्ये, 23 माणसं आपल्याच लोकांच्या हातून मेली. बातमी मिळू न देण्याचं मोल एका समाजाला असं भरावं लागलं. सरकारी आयोगानं जपानी समाजाची या छळाबद्दल जाहीर माफी मागितली ती जुलै 2024 मध्ये. तोवर त्या आजींपैकी किती जणी उरल्या असतील?

पण वस्ती पुन्हा उभी राहिली. 1953 मध्ये गाल्व्हाव बुएनो रस्त्यावर 'सिने नितेरोई' नावाचं मोठं चित्रपटगृह निघालं, सुमारे 1,500 आसनांचं, जपानी चित्रपट दाखवणारं. ज्या भाषेत रस्त्यावर बोलायला बंदी होती, ती आता पडद्यावरून मोठ्यानं ऐकू येऊ लागली. लांबच्या मळ्यांवरून माणसं सिनेमाला येत, आली की जेवत, वाणसामान घेत. सिनेमाच्या आधारानं दुकानं वाढली. पुढे रुंद रस्त्यासाठी ते चित्रपटगृह पाडलं गेलं. आज त्या रस्त्यावरच्या पुलाजवळ लाल तोरी, म्हणजे जपानी देवळापुढचं महाद्वार, उभं आहे. ते 1974 मधलं. घंटीच्या फुलांसारखे कंदीलही त्याच काळातले. तेव्हा छायाचित्र जरूर काढा, पण तो सगळा थाट वस्तीच्या मानानं अलीकडचा, हे ध्यानात असू द्या.

पाय दुखत नसतील तर साओ जोआकिम रस्त्यावरच्या जपानी स्थलांतर संग्रहालयात जा. 1978 मध्ये, बोट आल्याला 70 वर्षं झाली तेव्हा, ते सुरू झालं. सातव्या, आठव्या आणि नवव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. सोमवारी बंद असतं. जुन्या घराची मांडणी, शेतीची अवजारं, बोटीतून आणलेलं सामान, सगळं निवांत पाहा.

इथंच तोमिए ओताके या चित्रकर्तीचीही ओळख करून देते. 1936 मध्ये त्या भावाला भेटायला म्हणून जपानहून आल्या, युद्धामुळे परतणं राहिलं आणि संसार इथंच थाटला. दोन मुलगे वाढवले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर हातात कुंचला घेतला. पुढे ब्राझीलच्या मोठ्या कलावंतांत त्यांची गणना झाली. 2015 मध्ये त्या गेल्या, तेव्हा वय होतं 101! वस्तीच्या दक्षिणेला, मोठ्या रस्त्याच्या मधोमध त्यांनी केलेल्या काँक्रीटच्या चार लाटा आहेत, 1988 मधल्या. चार लाटा म्हणजे स्थलांतरितांच्या चार पिढ्या. 'आता या वयात काय शिकायचं' असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला हे जरूर सांगा.

आजची लिबेर्दाजी पूर्वीची राहिलेली नाही. जपानी वंशाची बरीच मंडळी दुसऱ्या भागांत राहायला गेली. दुकानं आता चिनी आणि कोरियन लोकांचीही आहेत. शिवाय 1990 मध्ये जपाननं कायदा बदलला आणि जपानी वंशाच्या ब्राझिलियनांना तिकडे कामाला येऊ दिलं. आजोबा ज्या देशातून पोटासाठी निघाले, त्याच देशात नातवंडं पोटासाठी गेली! तिथल्या कारखान्यांत ती ठरली 'ब्राझिलियन'. गुन्मा प्रांतातल्या ओइझुमी गावात त्यांनी ब्राझिलियन दुकानं थाटली. तिथं आता खाऱ्या उसळीची आठवण काढणाऱ्या बायका आहेत.

नावाचा वादही ऐकून घ्या. 2018 मध्ये स्थानकाच्या आणि चौकाच्या नावात 'जपान' हा शब्द घातला. कृष्णवर्णीय समाजाला ते लागलं. आमच्या पूर्वजांची हाडं इथं आहेत, त्यांचं काय? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. 2022 मध्ये चौकात मादरीन्या एऊनीसी यांचा पुतळा बसला. 1937 मध्ये याच भागात सांबा नृत्याचं पथक काढणारी ही कृष्णवर्णीय बाई. आणि 2023 मध्ये चौकाचं नाव 'लिबेर्दाजी आफ्रिका-जपान' असं झालं. नावानं सगळं भरून येत नाही. पण दोघांचीही दुःखं एकाच चौकात मावतात, एवढं तरी त्यातून मान्य झालं.

जुलैत जाणार असाल तर तानाबाता सणाची तारीख पाहून जा. तिकडे तेव्हा थंडी असते, शाल बरोबर ठेवा. आकाशातले दोन प्रेमिक वर्षातून एकदाच भेटतात, अशी त्याची कथा. ते तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण! 1979 पासून लिबेर्दाजीत रंगीत कागदांवर इच्छा लिहून बांबूला बांधतात. आणखी दोन-तीन सूचना: गर्दीत पर्स पुढे धरा. शाकाहारी असाल तर सूप विचारून घ्या, त्यात बहुधा माशाचा अर्क असतो. निवांत पाहायचं तर शनिवार-रविवार टाळा, बाजार पाहायचा तर रविवारीच जा.

आणि तिथं जाणं घडो न घडो, एक गोष्ट करता येईल. आपल्या किती घरांतली मुलं-मुली आज परदेशात संसार मांडून आहेत. नातवंडांशी फोनवर मराठीतच बोला, अडखळली तरी बोला. आपल्याला आपली भाषा रस्त्यात मोठ्यानं बोलता येते, हे सुख लहान नाही. लेक विचारील, 'आई, इथं अमुक मिळत नाही, काय घालू?' तेव्हा 'मग करूच नकोस' म्हणू नका. तिला लाल अंबाडीची गोष्ट सांगा. आणि सांगून झाल्यावर हेही विचारा, 'तू राहतेस त्या गल्लीत तुझ्याआधी कोण राहत होतं गं? जरा चौकशी कर.'